पायाखाली चुलवण! डाउनपाइप बदलल्यापासून गाडीत बसवेना

घाटवेडा | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं या फोरमवर वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय.

गाडी बीएमडब्ल्यू झेड-४, छप्पर उघडणारी, ई८९ पिढीची, ३५आय, २०११ची. तीन लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो, मूळची ताकद ३०६ अश्वशक्ती. पुण्याच्या एका गृहस्थांकडून घेतली तेव्हा घरात महाभारत झालं, ते असो. डिसेंबरात दोन्ही डाउनपाइप, म्हणजे टर्बोपासून धूर खाली नेणारे पाइप, बदलले. कंपनीचे कॅटवाले (कॅट म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून तीन इंची स्टेनलेसचे, बिनकॅटचे बसवले आणि वर रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मांडणी ताकदीसाठी बदलली. बसवणाऱ्यानं दोन तासांत काम उरकून चावी हातात दिली. ओढ वाढली, आवाज असा घुमायला लागला की जांबोटी मागं पडून चोर्ला घाटाची वळणं सुरू झाली की मी रेडिओ बंदच ठेवायचो.

थंडीत काही जाणवलं नाही. उलट पहाटे सहाला बेळगावात किल्ल्याच्या तळ्यापासून निघताना पाय मस्त शेकायचे. बायको म्हणाली, एवढं एक काम बरं केलंस. होळी झाली आणि चित्र पालटलं. आता ॲक्सिलरेटरजवळ उजवं पाऊल टेकवत नाही आणि डावी पोटरी मधल्या टनेलला (दोन सीटांमधल्या उंचवट्याला) लागली की चटका बसतो. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो की पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो, आणि हे एसी फुल असताना!

मोजून बघावं म्हणून कोविडच्या वेळची कपाळावर धरायची गन पायाशी धरली. ती ४२-४३च्या पुढं जातच नाही, तिनं हात टेकले. मग मित्राकडून कारखान्यातली खरी गन आणली. बाहेर ३६ अंश, एसीच्या जाळीतून ८, टनेलची बाजू ५४, पेडलाजवळचं कार्पेट ६१.

आतापर्यंतचा उपाय: ॲल्युमिनियमचा वर्ख लावलेले चिकट ब्युटाइल मॅट आणले, दोन रविवार घालवून कार्पेटखालचा सगळा फ्लोअर मढवला. नऊ हजार गेले आणि ६१चे ५९ झाले. ओळखीच्या मिस्त्रीनं खाली हात घालून बघितलं, "भाळ बिसी ऐत्री सर" (कन्नडात, फार गरम आहे) म्हणाला आणि हसला. बिसी आहे हे मलाही कळतंय हो!

परदेशी फोरमवर शोधलं तर याच गाडीचे, हेच पाइप लावलेले लोक लिहितात, आम्हाला काहीच फरक जाणवत नाही. मग मलाच का? आता पाइपांना पट्टी गुंडाळू, सिरॅमिक कोटिंग करू, की दोन्ही?

ता.क. हल्ली घाटातून आलो की डोकं जड होतं, जरा मळमळतं. उन्हामुळं असेल.

निपाणीकर | रविवार, रात्री ११:३२

अहो, आमच्याकडं गुऱ्हाळाच्या चुलवणाजवळ बसायला माणूस मिळंना झालाय. तुम्ही लाखो रुपये घालून बसलाय. लय भारी.

करवीरकर | रविवार, रात्री ११:४८

भावा, एवढा विचार कशाला? टायटॅनियम रॅप आण, बादलीत भिजव, तोंडापासून शेवटपर्यंत घट्ट गुंडाळ, स्टीलचे टाय मार, विषय कट. पहिल्या दिवशी धूर येतो, घाबरायचं नाही. दुसरं म्हणजे बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली दोन-दोन वॉशर घाल. मागनं फट पडली की गरम हवा वर निघून जाते. माझ्या गाडीला केलंय, दिसायला पण रेसिंग वाटतंय.

तिसरंगेट | सोमवार, सकाळी ७:०५

वॉशर अजिबात घालू नका. गाडी वेगात असते तेव्हा काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो. फट ठेवली तर हवा बाहेर जायच्या ऐवजी आत घुसते. उभ्या गाडीत फटीतून गरम वाफारा वर येतो, पण एसीची ताजी हवा घ्यायची जाळी नेमकी तिथंच असते, म्हणजे इंजिनची हवा सरळ तुमच्या तोंडावर. बॉनेटच्या मागच्या कडेला जो रबर असतो तो याच्यासाठीच. घाटवेडा, तो रबर जागेवर आहे का तेवढं बघा. पुष्कळ ठिकाणी काम करताना काढतात आणि लावायचं विसरतात.

परदेशी लोकांना का जाणवत नाही? तुमच्या इंजिनाचे टर्बो आणि डाउनपाइप उजव्या अंगाला आहेत. अमेरिकेत चालक डावीकडं बसतो. तिथं भाजतात ते शेजारच्याचे पाय, आणि शेजारी बसणारं माणूस फोरमवर लिहीत नाही. आपल्याकडं चालकही उजवीकडं, स्टिअरिंगचा दांडाही त्याच अंगानं खाली जातो. डाउनपाइप, दांडा आणि तुमचा पाय एका रेषेत आले. त्यामुळं तिकडचा सल्ला वाचताना आधी चालक कुठल्या बाजूचा ते बघायचं.

एक साधी चाचणी आधी करा. हीटरला जाणारी कूलंटची नळी जाडसर फडकं मध्ये घालून चिमट्यानं दाबा आणि अर्धा तास फिरून या. पायाशी एकदम गार वाटलं तर दोष सायलेन्सरचा नाही, हीटरचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये. फरक पडला नाही तर पुढं बोलू.

भट्टीवाला | सोमवार, दुपारी १:४०

घाटवेडा, तुम्ही वयानं लहान असाल असं धरून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. उद्यमबागेतल्या कारखान्यात माझी तीस वर्षं भट्टीसमोर गेली. गाडीतलं मला बेताचंच कळतं, पण उष्णतेशी रोजचा संबंध आहे.

तू जे चिकट मॅट लावलेस ते पत्र्याची थरथर मारायला असतात. पत्रा तापला की तेही तापतात आणि उष्णता वर देतात. वरचा वर्ख चकचकीत असला तरी त्याच्यावर कार्पेट टेकलंय, त्यामुळं त्याला परतवायला काही उरलंच नाही. वर्ख काम करतो तो समोर मोकळी हवा असेल तरच. मॅट काढू नकोस, आवाजाला बरे आहेत. त्यावर बंद छिद्रांचा फोम टाकलास तर थोडा उपयोग होईल. पण आतून लढायची ही लढाई नव्हे.

भट्टीजवळ उभं राहायचं तर आम्ही गोधड्या पांघरत नाही, मध्ये पत्रा उभा करतो. भट्टीपासून वीतभर लांब, खाली-वर मोकळा. पत्र्याआड गेलास की तोंडावरचा जाळ पट्कन थांबतो. हवा तेवढीच गरम असते, थांबतं ते प्रारण. शाळेत वहन, अभिसरण, प्रारण शिकलो, त्यातलं तिसरं. लाल दिसायच्या आधीपासूनच पाइप हे फेकत असतो आणि ते तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. हिशोब बघ. कंपनीच्या पाइपावर कवच असतं, त्याचा बाहेरचा पृष्ठभाग २५० अंश धरू. तुझा उघडा पातळ पाइप ५०० धरू. केल्विनमध्ये ५२३ आणि ७७३. जेमतेम दीडपट. पण चौथा घात घेतला की पावणेपाच पट होतात. तुझ्या पायाखाली एक चूल होती, आता पावणेपाच चुली आहेत.

म्हणून पहिला प्रश्न: कंपनीचे ॲल्युमिनियमचे आडोसे, म्हणजे हीट शील्ड, जागेवर आहेत का? तीन इंची पाइप बसवताना ते आड येतात. मग कुणी वाकवतं, कुणी काढून टाकतं. आणि दोन तासांत दोन डाउनपाइप? त्या अडचणीच्या जागेत? मला तरी हे पटत नाही.

दुसरं, रॅपबद्दल. रॅप उष्णता पाइपात कोंडतो, हे खरं. पण पातळ स्टेनलेस कोंडलेल्या उष्णतेनं थकतं, वेल्डिंगपाशी तडकतं. जाळीच्या लवचिक तुकड्यावर तर कधीच गुंडाळू नये. शिवाय कणकुंबीच्या पावसात भिजलेली पट्टी म्हणजे पाइपाला ओली गोणपाट बांधल्यासारखं. आणि तुझी गाडी २०११ची. या वयाच्या गाडीत टॅपेट कव्हरमधून थोडं तेल पाझरतंच. पट्टी तेल पिऊन बसली की वात तयार झाली.

आमच्याकडचं कुणी "सिरॅमिक ब्लँकेट देतो, गाडीत अंथर" म्हणेल. पंचवीस मिलिमीटर जाडीचं, १२६० अंशांपर्यंत टिकणारं ते असतं, भट्टीला उत्तम. पण त्याचे धागे सुटतात आणि फुप्फुसात जातात. केबिनमध्ये नको म्हणजे नकोच. जुनी ॲस्बेस्टॉसची दोरी कुठं पडलेली दिसली तरी हात लावू नकोस.

डॉ_वडगाव | सोमवार, दुपारी ४:१५

बाकी चर्चा चालू राहू दे. घाटवेडा, तुमच्या ता.क.कडं कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. डोकं जड होणं, मळमळ, आणि ते गाडीतून आल्यावर! कॅट काढलेली गाडी, घाईत बसवलेले पाइप आणि बंद काचा. हे ऊन नसून कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. कॅट असताना त्यातला बराचसा तिथंच जळून कार्बन डायऑक्साइड होतो. आता तो जसाच्या तसा बाहेर पडतोय आणि जोड सैल असेल तर टर्बोपासून केबिनपर्यंत हातभराचंच अंतर आहे.

गळती नाही हे सिद्ध होईपर्यंत गाडी चालवू नका. मुलांना तर बसवूच नका.

घाटवेडा | सोमवार, संध्याकाळी ६:५०

डॉक्टरसाहेब, घाबरवलंत. पण शनिवारी आल्यावर घरच्या ऑक्सिमीटरवर बघितलं होतं, ९८ होतं. तरीही?

डॉ_वडगाव | सोमवार, संध्याकाळी ७:२०

तरीही. तो चिमटा रक्ताचा रंग बघतो. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच लाल दिसतं. माणूस अत्यवस्थ असतानाही यंत्र ९८ दाखवू शकतं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो आणि साध्या हवेत त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच चार-पाच तास लागतात. म्हणून घरी आल्यावरही डोकं जड राहतं. पुन्हा तसं वाटलं तर गाडी थांबवून बाहेर पडा आणि दवाखाना गाठा. रक्ताची वेगळी तपासणी असते.

निपाणीकर | सोमवार, संध्याकाळी ७:३१

चुलवणाची चेष्टा मागं घेतो. गाडी चालवू नका राव.

जांबोटीची_सून | सोमवार, रात्री ९:४५

माझ्या पोलोत हेडर (इंजिनाला लागून असलेले धुराचे पाइप) बदलल्यावर असंच झालं होतं, म्हणून घरच्या घरी काय केलं ते सांगते.

गळती शोधायला गाडी थंड हवी. व्हॅक्युम क्लीनरची नळी हवा सोडायच्या तोंडाला लावायची, दुसरं टोक सायलेन्सरच्या नळकांड्यात, भोवती ओलं फडकं कोंबायचं. तुमच्याकडं दोन नळकांडी असतील तर दुसरं बुजवा. मग भांडी घासायच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून प्रत्येक जोडावर मारायचं. जिथं फेस फुगतो तिथं गळतंय. एक माणूस पाइपाशी, एक बघायला. आमच्याकडं सासूबाईंनी टॉर्च धरला होता, फेस पहिल्यांदा त्यांनाच दिसला.

फायरवॉलसाठी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यासाठी): रात्री अंधारात इंजिनकडच्या बाजूला लखलखीत दिवा लावायचा, आपण पेडलाशी डोकं घालून आत बघायचं. जिथून उजेड येतो तिथून हवाही येते. मग इंजिन बंद ठेवून ब्लोअर चालू करायचा आणि उदबत्तीचा धूर कुठं वळतो ते बघायचं. माझ्याकडं वायरिंग जिथून आत येतं तिथला रबरी ग्रोमेट निसटून लोंबत होता. पंधरा रुपयांची वस्तू! ती जागेवर बसवली आणि निम्मा ताप गेला.

(उदबत्ती पेट्रोलच्या नळ्यांजवळ नेऊ नका. सांगायला नको, पण सांगते.)

कायदेकानू | मंगळवार, सकाळी १०:०२

कॅट काढणं हाच मुळात गुन्हा आहे याची आठवण करून देतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२)खाली आवाज आणि धुराच्या नियमभंगाला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर गाडी एमएच पासिंग. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर एकदा बाजूला घेतलं की...

करवीरकर | मंगळवार, सकाळी १०:२०

आले वकील. आमच्या कोल्हापुरात या की, आवाज काढलेल्या गाड्या मोजून दाखवा.

कायदेकानू | मंगळवार, सकाळी १०:२६

मोजल्यानं त्या कायदेशीर होत नाहीत. आणि गॅस आत येतोय ते काय वकिलांनी सोडला का?

तिसरंगेट | मंगळवार, दुपारी १२:१०

दोघंही थंड घ्या, इथं एकच गाडी तापलीये ती पुरे.

घाटवेडा, एक राहिलं. रिमॅप करताना उतारावर फटफट आवाज येतो तसला फटाक्यांचा मॅप टाकलाय का? त्यात ॲक्सिलरेटर सोडल्यावर ठिणगी मुद्दाम उशिरा देतात, उरलेलं पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर पाइपात जळतं. चोर्ला उतरताना इंजिनानं निवायला हवं तिथं तुमचा पाइप उलट तापतोय.

घाटवेडा | मंगळवार, रात्री १०:३०

टाकलाय. त्याचे वेगळे पैसे दिलेत.

हीटरची नळी दाबून फक्त कॉलनीत काचा उघड्या ठेवून फिरलो. ५९चे ५८. म्हणजे हीटर निर्दोष. बॉनेटचा मागचा रबर आहे, पण उजव्या कोपऱ्यात दोन क्लिपा गायब, तिथं उचललाय. रविवारी भट्टीवाले काकांच्या ओळखीनं उद्यमबागेत रॅम्प मिळतोय. तोवर गाडी शेडमध्ये.

घाटवेडा | पुढचा रविवार, रात्री ९:००

सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. हात अजून काळे आहेत. सविस्तर लिहितो, कारण असाच धागा मला हवा होता आणि मिळाला नव्हता.

आधी व्हॅक्युम आणि साबण. खालचे सगळे जोड कोरडे. वरच्या बाजूला टर्बोच्या तोंडाशी पाइप व्ही-बँड क्लँपनं आवळलेला असतो. पुढच्या टर्बोचा ठीक. मागच्या टर्बोवर स्प्रे मारला आणि इडलीच्या पिठासारखा फेस फुगून वर आला. आरसा आणि टॉर्च घालून बघितलं तर क्लँप तिरका बसलेला, एका बाजूला खाचेत आणि दुसऱ्या बाजूला खाचेच्या काठावर चढलेला. तिथून काजळीचा एक पट्टा निघालाय, अंगठ्याएवढा रुंद, आणि तो सरळ फायरवॉलवर जाऊन पंख्यासारखा पसरलाय. चार महिने तिथं गरम वाऱ्याची फुंकणी चालू होती.

आता त्या फुंकणीसमोर काय होतं? स्टिअरिंगचा दांडा जिथून केबिनमध्ये शिरतो तिथला रबरी बूट. मी बोटानं दाबला तर बिस्किटासारखा तुकडा मोडून हातात आला. रबर कडक होऊन तडकलेला, खालच्या बाजूला करंगळी जाईल एवढं भोक. अंधारात आतून बघितलं तर पेडलाच्या वर चंद्रकोरीसारखा उजेड. मी ते बघून तिथंच बसलो थोडा वेळ. त्याच भोकातून मी आणि माझी सात वर्षांची मुलगी...

तिसरं, हीट शील्ड. काकांचा अंदाज बरोबर. टनेलचं शील्ड वाकवून पाइपाला टेकवलेलं. म्हणजे आडोसा राहिला बाजूला, तेच शील्ड उष्णता फ्लोअरला पोचवत होतं. फायरवॉलजवळचं छोटं शील्ड तर गाडीत नाहीच. बसवणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला त्याची गरज नसते. पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

कामं झाली ती अशी. दोन्ही क्लँप नवे घातले. मागच्याचा नट पाइपाच्या पलीकडं आहे, दिसत नाही, बोटांनी चाचपत आवळावा लागतो, त्या एकट्या नटाला पाऊण तास लागला. (दोन तासांत सगळं काम!) स्टिअरिंगचा बूट नवा घातला, मूळ कंपनीचा. बॉनेटच्या रबराच्या क्लिपा लावल्या. आणि शील्ड बनवलं, ते काकांनीच सांगावं.

भट्टीवाला | पुढचा रविवार, रात्री १०:१५

सांगण्यासारखं फार नाही, पण लोक चुकतात त्या दोन-तीन जागा सांगतो.

आधी पुठ्ठ्याचा साचा केला. मिठाईच्या दुकानातले कुंद्याचे खोके होते, बरोबर जाडीचे. साचा पाइपाभोवती फिरवून, स्टिअरिंगचा दांडा पूर्ण फिरतो ना ते दोन्ही टोकांपर्यंत बघितलं. हे न बघता पत्रा बसवाल तर वळणावर दांडा घासेल. मग एक मिलिमीटर ॲल्युमिनियम कापलं. टर्बोच्या अगदी तोंडाशी मात्र स्टेनलेसचा तुकडा, कारण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तिथं माझा त्याच्यावर भरवसा नाही.

पत्रा पाइपापासून वीस मिलिमीटर आणि फायरवॉलपासून बारा. दोन्हीकडं हवा. फायरवॉलला टेकवून रिव्हेट मारलात तर केलेलं सगळं वाया. कंपनीच्याच स्टडवर छोट्या नळीचे तुकडे घालून उभा केला, म्हणजे धातूला धातू लागतो तो चार ठिकाणीच. खालची आणि वरची कड उघडी ठेवली, गरम हवा वर निघते आणि खालून गार येते. चकचकीत बाजू पाइपाकडं. टनेलचं वाकवलेलं शील्ड हातोडीनं लाकडावर ठोकून सरळ केलं, जिथं तीन इंची पाइप फारच जवळ येतो तिथं दहा मिलिमीटर मिळाले, त्यावर समाधान मानलं.

पत्रा, स्टेनलेस, नळी, कापणं-वाकवणं सगळं मिळून अठराशे रुपये. मजुरी म्हणून त्यानं कुंदा दिला, खोकी तर आम्ही कापली होती, म्हणून पातेल्यात.

जांबोटीची_सून | पुढचा रविवार, रात्री १०:२२

पातेल्यातला कुंदा!! तापमान सांगा आधी.

घाटवेडा | पुढचा रविवार, रात्री १०:४०

बाहेर ३५. हायवेनं वंटमुरीपर्यंत जाऊन परत, मग गावात मुद्दाम गर्दीत अर्धा तास. पेडलाजवळ ४३, टनेल ४४. एकोणसाठवरून! एसीच्या जाळीतून तेच ८ अंश येताहेत, पण आता ती हवा पायापर्यंत गारच पोचते. फटाक्यांचा मॅप काढलाय, कोटिंग आणि रॅप दोन्ही केलं नाही.

एक टीप: चकचकीत पत्र्यावर गन धरली तर खोटं कमी दाखवते. मी आधी शील्डवर ७० बघून नाचलो होतो. काकांनी त्यावर काळी उष्णतारोधक टेप चिकटवून मोजायला लावलं, ११०च्या वर निघालं. कार्पेटवर काही अडचण नाही.

डॉक्टर, आकडे दाखवणारा मोनॉक्साइडचा अलार्म मागवलाय. डोकं पुन्हा जड झालेलं नाही.

डॉ_वडगाव | सोमवार, सकाळी ८:००

छान. अलार्म छप्पर बंद आणि उघडं, दोन्ही वेळी वापरून बघा. उघड्या गाडीत मागून हवा आत ओढली जाते.

घाटवेडा | मे अखेर, शनिवार रात्री

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य खरं निघालं म्हणून हा शेवटचा प्रतिसाद.

छप्पर बंद असताना अलार्म दीड महिना शून्यावर होता. बेफिकीर झालो होतो. मग एकदा वळीव पडून गेला, हवा गार झाली, मुलगी म्हणाली छप्पर उघड. उघडलं. दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो, गाडी चालू, वारा मागून. तिच्या मांडीवर अलार्म होता, ती खेळ म्हणून आकडे वाचत होती. शून्य, शून्य, बारा, एकोणीस, सव्वीस. एक्केचाळीसला मी इंजिन बंद केलं. गळती कुठंही नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा साबण मारून बघितलं. माझाच बिनकॅटचा धूर मागून फिरून आत येत होता. त्याला कुठला पत्रा आड लावणार?

माळ्यावर कंपनीचे डाउनपाइप पोत्यात गुंडाळून ठेवले होते. दोन रविवार घेऊन ते परत बसवले, मूळ मॅपही परत टाकला. काकांचा पत्रा तसाच ठेवलाय, मूळ पाइपाला तर भरपूर जागा देतो. परवा बाहेर ३४ असताना पेडलाजवळ ३८ होतं. गेटला छप्पर उघडं ठेवून तशाच वाऱ्यात उभा राहिलो, आकडा शून्यावरून हलला नाही.

आवाज गेला. खोटं कशाला बोलू, चोर्ल्यात पहिल्या वळणाला वाईट वाटलं. रेडिओ लावला.

करवीरकर | मे अखेर, शनिवार रात्री

भावा, मन मोडलंस. (ते बिनकॅटचे पाइप विकणार असशील तर सांग.)

घाटवेडा | मे अखेर, शनिवार रात्री

विकणार नाही. त्याच पोत्यात, त्याच माळ्यावर.

आंबोली_एक्स्प्रेस | जून, बुधवार सकाळ

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझीही ई८९ आहे, पाइप मूळचेच, पण शील्ड गंजून लोंबतंय. काका, तो पुठ्ठ्याचा साचा ठेवलाय का?

भट्टीवाला | जून, बुधवार दुपार

ठेवलाय, शेडच्या भिंतीला खिळ्यावर आहे. मुंग्या लागल्या होत्या, झटकून ठेवलाय. रविवार सोडून कधीही ये, आणि येताना दांड्याचा बूट दाबून बघून ये.